चलन काढण्याचा अधिकार: बाबासाहेबांना हवी असलेली मर्यादा संविधानात का आली नाही?

शिवराई (धागालेखक)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये, हा त्याचा गाभा होता. पुढे १९४७ मध्ये हेच बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या संविधानात चलनाच्या वाट्याला काय आले, तर सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत ३६ क्रमांकाची एक ओळ. चलन, नाणी, वैध चलन (देणे फेडताना जे नाकारता येत नाही असे चलन) आणि परकीय चलन हे विषय केंद्राचे, एवढेच ती ओळ सांगते. रिझर्व्ह बँकेसाठी ३८ क्रमांकाची आणखी एक छोटी नोंद आहे. सोन्याचा उल्लेख नाही, चांदीचा नाही, नोटा किती काढाव्यात याची सीमाही नाही. या धाग्यात मला हाच प्रश्न चर्चेला ठेवायचा आहे.

प्रश्नाचे मूळ कळण्यासाठी १८३५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखाला एकच रुपया लागू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. टांकसाळ खुली होती. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन जावे, घडणावळ भरावी आणि तितक्या चांदीचे रुपये घेऊन यावे. त्यामुळे देशात रुपये किती असावेत हे कोणी अधिकारी ठरवत नसे. व्यापार आणि चांदीची आवक यांवरून ते आपोआप ठरे. १८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या, चांदीचा भाव कोसळला आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीसेक वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. विलायतेला दरसाल पौंडांत भरणा करणाऱ्या हिंदुस्थान सरकारचे अंदाजपत्रक त्याने पार विस्कटले. अखेर हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी कायदा करून टांकसाळी लोकांसाठी बंद करण्यात आल्या. सरकारला मात्र रुपये पाडण्याची मुभा राहिली. नाणे दिसायला तेच, वजन तेच, चांदी तीच. पण आता त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त धरली जाऊ लागली आणि ते किती पाडायचे हे सर्वस्वी सरकारच्या हाती गेले.

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका या ठिकाणी होता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय पद्धतीचा, म्हणजे देशात रुपये आणि नोटा चालवून परदेशी देण्यांसाठी त्यांची किंमत सोन्याशी बांधून ठेवण्याचा, पुरस्कार केला होता. त्या पद्धतीत रुपयाच्या संख्येला कोणताही पक्का बांध नाही, चालवणाऱ्याच्या विवेकावर सगळा भार आहे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी आपली योजना ठेवली. टांकसाळ जशी लोकांना बंद आहे तशीच ती रुपये पाडण्यासाठी सरकारलाही पूर्णपणे बंद करावी. सोन्याचे नाणे पाडणारी टांकसाळ उघडावी. रुपया आणि सोन्याचे नाणे यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे. आणि दोन्ही नाणी अमर्याद वैध चलन असावीत, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन सरकारवर नसावे. या मांडणीमागे त्यांच्या नजरेसमोर कमावून खाणारा माणूस होता. रुपयाची किंमत घसरली की व्यापारी वर्गाचे फावते आणि रोजंदार व पगारदार यांच्या पोटाला चिमटा बसतो, ही बाजू त्यांनी आयोगापुढे मांडली.

मग संविधानात ही मर्यादा का नाही? माझे मत असे की मर्यादा टाकून दिली गेली नाही, तिची जागा बदलली. अनुच्छेद २९२ पाहा. केंद्राने कर्ज किती काढावे याची सीमा संसद कायद्याने घालू शकते, असे तो सांगतो. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा होता की तरतूद पुरेशी स्पष्ट आहे, संसदेने कायदा केला नाही तर तो दोष संसदेचा, आणि इतक्या गंभीर विषयाकडे दुर्लक्ष करणारी संसद कल्पनेत आणणेही अवघड आहे. सरकारचे कर्ज मध्यवर्ती बँक नवा पैसा निर्माण करून घेऊ लागली की कर्जाची सीमा हीच चलनाची सीमा होते. १९२३ मध्ये राज्य परक्यांचे होते आणि त्यांना जाब विचारू शकेल असे निवडून आलेले सार्वभौम सभागृह नव्हते. १९४९ मध्ये ते येऊ घातले होते. म्हणून जो भरवसा पूर्वी धातूवर ठेवावा लागत होता तो संसदेवर ठेवला गेला, असे मला वाटते. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे.

कायदेवाचक

शिवराई यांचे आभार. विषय फार महत्त्वाचा आहे. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो दर १ एप्रिलला फिरवला जातो. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या प्रबंधाबरहुकूम उभारली, असे म्हटले जाते. हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बाबासाहेबांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली, हे दोन्ही खरे. पण १९२६ च्या अहवालाने सुचवलेली पद्धत सोन्याच्या लगडींवर आधारलेली होती. रुपये पाडणेच कायमचे थांबवण्याची बाबासाहेबांची योजना तिने स्वीकारली नाही. १९२७ चे बँकेचे विधेयक बारगळले, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. त्यांची योजना नाकारली गेली हे नीट ध्यानात घेतले तरच धागालेखकांचा प्रश्न उभा राहतो.

आता सध्याची रचना. एक रुपयाची नोट आणि दहा रुपयांची नोट शेजारी शेजारी ठेवून वाचावी. दहाच्या नोटेवर वर भारतीय रिझर्व्ह बँकेचे नाव आहे, त्याखाली ती केंद्र सरकारने प्रत्याभूत केल्याचा मजकूर आहे, धारकाला दहा रुपये अदा करण्याचे वचन आहे आणि गव्हर्नरांची सही आहे. एकच्या नोटेवर ‘भारत सरकार’ असे आहे, सही वित्त सचिवांची आहे आणि वचन कोठेही नाही. कारण कायद्याच्या लेखी ती नोट नव्हेच, ते कागदाचे नाणे आहे. १९४० च्या वटहुकमापासून तिला रुपयाच्या नाण्याचाच दर्जा आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २२ ने बँक नोटा काढण्याचा एकाधिकार बँकेला दिला आणि नाणी सरकारकडे राहिली. दहाची नोट घेऊन आपण बँकेच्या खिडकीवर गेलो, तर त्या वचनापोटी आपल्याला दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील. सोने किंवा चांदी मिळण्याचा हक्क त्यात नाही.

२०११ चा नाणे कायदा धातूच्या बाबतीत याहून मोकळा आहे. नाणे कोणत्या धातूचे, किती वजनाचे, कोणत्या आकाराचे हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. कायद्याने घातलेले बंधन दर्शनी मूल्याचे आहे: एक हजार रुपयांहून मोठे नाणे पाडता येत नाही. म्हणजे संविधानाने विषय संसदेला दिला, आणि संसदेने धातूची निवड सरकारला देऊन टाकली.

रौप्यमुद्रा

धागालेखकांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझे वडील आणि आजोबा सराफी पेढीवर बसत असत, त्यामुळे जुन्या रुपयाची चांदी हा आमच्या घरात रोजच्या बोलण्याचा विषय होता. राणी छाप रुपया कसोटीला लावला की बारापैकी अकरा भाग चांदी निघे. १९४० नंतरचा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. त्यात चांदी निम्मी आहे, आणि बनावट नाण्याला आळा बसावा म्हणून त्याच्या कडेवर वेगळी नक्षी पाडलेली आहे. १९४७ चा रुपया हातात घ्या. तो निकेलचा आहे आणि त्यात चांदीचा कणही नाही. सात वर्षांत रुपयातील चांदी संपली. या मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या आणि त्याच काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळाची कारणे अनेक होती, हे मला मान्य आहे. पण नोटांच्या पुराने वाढलेले भाव हे त्यांतले एक होते, आणि त्या पुराला अडवायला रुपयात पुरेशी चांदी उरलेली नव्हती.

कायद्यात त्या वेळीही मर्यादा होती. नोटांच्या ४० टक्के रक्कम सोने किंवा स्टर्लिंग (ब्रिटिश पौंडांतील) रोख्यांत ठेवावी, असे १९३४ च्या कायद्यात लिहिले होते. ब्रिटनने माल उचलला, मोबदल्यात लंडनमध्ये आपल्या नावे स्टर्लिंगची नोंद केली आणि त्या नोंदीवर इकडे नोटा छापल्या गेल्या. कागदावरची मर्यादा एका दिवसासाठीही मोडली नाही, आणि माणसे मात्र उपाशी राहिली. म्हणून मी म्हणतो की मर्यादा धातूचीच हवी, आणि ती साध्या कायद्यात न ठेवता संविधानात हवी. अमेरिकेच्या संविधानात सोन्याचांदीचा उल्लेख आहे. आपल्याकडे तो का नसावा?

आणखी एक सांगतो. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि अनेक सोनारांच्या हातचे काम गेले. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत अंमलात राहिला. लोकांच्या हातातील सोन्याची सरकारला इतकी धास्ती का वाटावी, याचा विचार व्हायला हवा.

हडसनकाठ

रौप्यमुद्रा यांनी अमेरिकेचे नाव काढले आहे म्हणून लिहितो. मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि या विषयाचे वाचन आवडीने करतो.

अमेरिकेच्या संविधानात पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागात नाणी पाडण्याचा आणि त्यांचे मूल्य ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे. दहाव्या विभागात राज्यांना मनाई आहे: त्यांनी नाणी पाडू नयेत, पतनोटा (सरकारच्या पतीवर काढलेल्या कागदी नोटा) काढू नयेत आणि सोन्याचांदीच्या नाण्यांखेरीज कशालाही कर्जफेडीचे वैध साधन ठरवू नये. सोन्याचांदीचे बंधन राज्यांवर आहे, केंद्रावर नाही. १६ ऑगस्ट १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात केंद्राला पतनोटा काढण्याचा अधिकार देणारे शब्द मसुद्यातून नऊ विरुद्ध दोन राज्यांच्या मतांनी वगळले गेले. पण मनाईही लिहिली गेली नाही, आणि पुढचे शतकभर वकील त्या मोकळ्या जागेत भांडत राहिले.

यादवी युद्धात १८६२ मध्ये काँग्रेसने कागदी नोटा वैध चलन म्हणून काढल्या. तेव्हा अर्थमंत्री होते सॅमन चेस. तेच पुढे सरन्यायाधीश झाले आणि ७ फेब्रुवारी १८७० रोजी त्यांनी निकाल दिला की आधीच्या करारांतील देण्यांपुरता हा कायदा घटनाबाह्य आहे, म्हणजे स्वतः अर्थमंत्री असताना राबवलेला कायदा त्यांनी न्यायासनावरून मोडीत काढला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दोन रिकाम्या जागांसाठी न्यायाधीशांची नावे सेनेटकडे पाठवली. ते दोघे आल्यावर १८७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल उलटला. १८८४ मध्ये तर आठ विरुद्ध एक मताने ठरले की शांततेच्या काळातही काँग्रेस कागदी वैध चलन काढू शकते.

१९३३ चा प्रसंग याहून बोलका आहे. लोकांनी सोन्याची नाणी २०.६७ डॉलर प्रति औंस दराने बँकांत जमा करावीत, असा हुकूम राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढला. सोने जमा झाल्यावर जानेवारी १९३४ मध्ये दर ३५ डॉलर झाला. सोन्यात फेड करण्याची कलमे असलेले करार संसदेच्या ठरावाने निष्प्रभ झाले होते, आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला कार्यतः मोकळे सोडले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी परकीय सरकारांना सोने देणेही थांबले. या साऱ्या काळात दहाव्या विभागातील सोन्याचांदीचे शब्द जसेच्या तसे होते आणि आजही आहेत. युटा राज्याने २०११ मध्ये त्यांचाच आधार घेऊन सोन्याचांदीच्या सरकारी नाण्यांना राज्यात वैध चलन ठरवले, पण दुकानदारावर ती घेण्याची सक्ती नाही आणि व्यवहार डॉलरच्या नोटांतच चालतो. संविधानात धातू लिहिला म्हणजे चलन बांधले गेले, असा अनुभव इथला नाही.

गोदाकाठ

एकाच देशात दोन रुपये ही गोष्ट माझ्या आजीच्या पिढीने पाहिली आहे, म्हणून मराठवाड्याची बाजू नोंदवतो. निजामाच्या राज्यात स्वतःचा उस्मानिया शिक्का होता. लोक त्याला हाली म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. आमच्याकडे एक हाली रुपया जपून ठेवलेला आहे. त्याच्या एका बाजूवर चारमिनार आहे, आणि मधल्या कमानीत उस्मान अली खान यांच्या नावाचे पहिले फारसी अक्षर कोरले आहे. इंग्रज सार्वभौम होते, पण या कमानीतल्या अक्षराला त्यांनी हात लावला नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, २६ जानेवारी १९५० पासून संघ सूचीतली ३६ वी नोंद मराठवाड्यालाही लागू झाली, तरीही हाली लगेच बंद झाला नाही. बाजार, शेतसारा, पगार, सावकाराच्या वह्या या सगळ्यांत तो मुरलेला होता. काही वर्षे दोन्ही चलने शेजारी चालली आणि १९५९ पर्यंत हाली पूर्णपणे गेला. अधिकार एका दिवसात बदलतो, व्यवहार बदलायला दहा वर्षे लागतात. संविधान सभेने चलनाचा विषय इतक्या थोडक्या शब्दांत केंद्राकडे का दिला, याचे एक उत्तर मला इथे दिसते. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न रुपयात काय असावे हा नव्हता, रुपया एक असावा हा होता.

मांडवीतीर

गोव्यातही हेच घडले, फक्त उशिरा. पोर्तुगीज अमलात नोटा बांको नासियोनाल उल्त्रामारीनो ही बँक काढत असे. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा या दराने. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती मिळाली आणि एस्कुदोच्या जागी भारतीय रुपया आला. तीन-चार वर्षांत तीन चलने पाहिलेली माणसे आमच्या वाड्यावर होती. गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

शिवराई

हडसनकाठ यांनी जे लिहिले ते रौप्यमुद्रा यांच्या आग्रहाचे उत्तर आहेच. मी आपल्याकडचे दोन प्रसंग जोडतो. १८९३ मध्ये रुपया पूर्ण चांदीचा होता आणि तरीही एका कायद्याने टांकसाळ बंद झाली. नाण्यातली चांदी ते थोपवू शकली नाही. पहिल्या महायुद्धात उलट घडले. चांदी इतकी महागली की रुपया वितळवण्यात फायदा दिसू लागला. सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली, १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपल्या तिजोरीतील चांदी विकायला काढली, ती मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानसाठी होती. त्याच वर्षी मुंबईत सोन्याच्या पंधरा रुपयांच्या मोहरा आणि सॉव्हरिन (सोन्याचे ब्रिटिश पौंड) पाडले गेले. धातू स्वस्त झाला तरी पद्धत मोडते, महाग झाला तरी मोडते.

मात्र स्टर्लिंग रोख्यांविषयी रौप्यमुद्रा यांनी जे लिहिले आहे ते मला बिनतोड वाटते, आणि स्वातंत्र्यानंतरची हकीकत त्याला दुजोरा देते. ४० टक्क्यांची अट संसदेने १९५६ मध्ये काढली आणि तिच्या जागी ठरावीक रकमा घातल्या: ४०० कोटींचे परकीय रोखे आणि ११५ कोटींचे सोने. पूर्वी किमान सोने ४० कोटींचे होते. वाढ सोन्याच्या वजनात फारशी नव्हती. सोन्याचा हिशेबी भाव तोळ्याला सुमारे २१ रुपयांवरून ६२.५० रुपये केला होता. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमुळे परकीय गंगाजळी आटली तेव्हा, एकूण अट २०० कोटींवर आणली, त्यात सोने ११५ कोटींचे. तीच अट रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३३ मध्ये आजही आहे. आज चलनातील नोटा ३० लाख कोटी रुपयांच्या पलीकडे गेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेकडे सोने ८०० टनांहून अधिक आहे, पण ते बँकेच्या धोरणामुळे आहे. कायद्याची सक्ती त्याच्या एका बारीक अंशापुरतीच आहे.

अमरावतीकर

चर्चा नोटा काढण्याच्या अधिकाराची चालली आहे. नोटा रद्द करण्याचा अधिकार हीही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे आणि संसदेवरच्या भरवशाची खरी परीक्षा तिथे झाली.

१९४६ मध्ये आणि १९७८ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हा दोन्ही वेळा वटहुकूम काढला गेला, आणि १९७८ मध्ये त्यापाठोपाठ संसदेने कायदा केला. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा, म्हणजे चलनातील मूल्याच्या सुमारे ८६ टक्के, रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ च्या दुसऱ्या उपकलमाखाली निव्वळ अधिसूचनेने रद्द झाल्या. रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने शिफारस करावी आणि केंद्राने अधिसूचना काढावी, असे ते उपकलम आहे. प्रत्यक्षात सरकारचे पत्र आदल्या दिवशी बँकेकडे गेले होते आणि मंडळाची बैठक ८ तारखेच्या संध्याकाळी झाली.

२ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. बहुमताचा निकाल आमच्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला. नोटांची कोणतीही मालिका रद्द करण्याच्या अधिकारात एखाद्या मूल्याच्या सर्व मालिका रद्द करण्याचा अधिकार येतो, केंद्र आणि बँक यांच्यात पुरेसा विचारविनिमय झाला होता आणि निर्णयप्रक्रिया सदोष नाही, असे त्यात म्हटले आहे. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे वेगळे मत होते. प्रस्ताव बँकेकडून आला असता तर गोष्ट वेगळी. तो केंद्राकडून आला असेल तर कलम २६ ची वाट त्याला खुली नाही, वटहुकूम किंवा संसदेचा कायदाच लागतो, असे त्या म्हणतात. गवई यांच्याविषयी गावकरी म्हणून मला आदर आहे, तरीही या मुद्द्यावर मला नागरत्ना यांचे मत जास्त पटते, कारण संघ सूचीतल्या ३६ व्या नोंदीचा अर्थ त्यांनी गांभीर्याने घेतला. अधिकार संघाचा असला तरी तो गाजवण्याची जागा संसद आहे.

रौप्यमुद्रा

अमरावतीकर यांचा प्रतिसाद वाचून माझी शंका दूर झाली नाही, वाढली. संसदेने २६ वे कलम तसेच राहू देऊन अधिकार सोडला असेल, तर शिवराई ज्या भरवशाविषयी लिहितात तो ठेवायचा कोठे? सरकारला पैसे हवे असले की बँकेने ते द्यायचे, ही रीत तर कित्येक दशके चालू होती. त्या रीतीला संसदेने कधी अडवले?

शिवराई

प्रश्न रास्त आहे. १९५५ पासून अर्थखाते आणि बँक यांच्यातील समजुतीवर एक व्यवस्था चालू होती. सरकारची शिल्लक शुक्रवारी ५० कोटींच्या खाली गेली की बँक आपोआप तात्पुरती कोषागारपत्रे (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) घेऊन ती भरून काढत असे. तात्पुरती म्हणून काढलेली ही पत्रे वर्षानुवर्षे साचत गेली आणि तूट जवळजवळ स्वयंचलितपणे चलनात उतरू लागली. बाबासाहेबांनी ज्या मर्जीविरुद्ध १९२३ मध्ये लिहिले होते तीच ही. ती बंद झाली तीही समजुतीने: सप्टेंबर १९९४ मध्ये करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून व्यवस्था संपली. संसदेचा कायदा आला तो २००३ मध्ये. वित्तीय उत्तरदायित्वाच्या त्या कायद्याने १ एप्रिल २००६ पासून सरकारचे रोखे बाजारात येण्याआधी थेट विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेला मनाई केली. अनुच्छेद २९२ लागू झाल्यापासून याला ५३ वर्षे लागली. हा संसदेचा दोष आहे, आणि बाबासाहेबांनी तो तेव्हाच कोणाच्या पदरात टाकायचा ते सांगून ठेवले होते. पण कायदा झाल्यावर मनाई बऱ्याच अंशी पाळली गेली, हेही लक्षात घ्या.

कायदेवाचक

शिवराई यांच्या ‘बऱ्याच अंशी’ या शब्दांना थोडी पुस्ती जोडतो. २०१८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय सुरक्षा, युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीची पडझड अशा कारणांसाठी बँकेला थेट रोखे घेण्याची वाट पुन्हा उघडण्यात आली. ही दुरुस्ती त्या वर्षीच्या वित्त अधिनियमातून आली. व्याजदर ठरवणारी समिती आणि महागाईचे उद्दिष्ट कायद्यात आले तेही २०१६ च्या वित्त अधिनियमातून. बँक नोट म्हणजे काय याची व्याख्या बदलून तीत डिजिटल रुपया बसवला गेला तो २०२२ च्या वित्त अधिनियमातून, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला मुंबईसह चार शहरांत तो लोकांच्या हाती प्रायोगिक स्वरूपात आला. वित्त विधेयक धन विधेयक म्हणून मांडले जाते. राज्यसभा त्यात १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते, आणि करांच्या शेकडो कलमांमध्ये चलनाची चार कलमे कोणाच्या नजरेस पडत नाहीत. चलनाच्या कायद्यासाठी स्वतंत्र विधेयक आणावे, एवढी मागणी तरी आपण आपापल्या खासदारांकडे लेखी करू शकतो.

दुसरी मागणी याहून लहान आणि नेमकी आहे. महागाई सलग तीन तिमाही ठरलेल्या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेने कारणे देणारा अहवाल लिहायचा, असे कायदा आणि त्याखालची अधिसूचना सांगतात. २०२२ मध्ये तशी वेळ पहिल्यांदा आली, नोव्हेंबरमध्ये समितीची खास बैठक झाली आणि अहवाल गेला. तो केंद्र सरकारला गेला, कारण कलमात केंद्र सरकार असेच लिहिले आहे. तो प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे उत्तर सरकारने संसदेत दिले. त्या कलमात ‘आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवील’ एवढे शब्द वाढवायला हवेत.